न वाचलेला कोल्हा

भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, याची आम्हाला लग्नानंतर पहिल्याच वर्षात चांगली सवय झाली होती. नोकरी कुठे, गाव कुठलं, मासेमटण करता का, पाहुण्यांची ये-जा किती. डोंबिवली पश्चिमेच्या या घरमालकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "चिमणीला आंघोळ करताना पाहिलंय का?"

नवरा नोकरीच्या मुलाखतीत घाबरला नसेल इतका इथे घाबरला. "हो, पाहिलंय," तो म्हणाला.

"पाण्यात की मातीत?"

"पाण्यात."

"मातीत नाही पाहिलं?"

"मातीत आंघोळ कशी करेल?"

घरमालकांनी एक मोठा श्वास सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चिपळूणची. अंगणातल्या भुसभुशीत मातीत चिमण्या पिसं फुलवून कशा लोळतात ते मी लहानपणी रोज पाहिलेलं, ते सांगितलं. "मग करार तुमच्या नावाने करू," ते म्हणाले, आणि खरंच तसा केला. नवरा पुढे बरेच दिवस त्या बिल्डिंगमध्ये 'यांचे मिस्टर' म्हणून ओळखला जात होता.

घरमालकांची सगळी नोकरी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात गेली होती. गोदामाला आग लागली म्हणणाऱ्याला धूर कुठल्या बाजूला गेला, पंप चोरीला गेला म्हणणाऱ्याला त्याचा रंग कुठे उडाला होता, असले प्रश्न विचारून विचारून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. भाजीवाल्याने कोथिंबीर ताजी आहे म्हटलं की ते "किती वाजता आली?" असं विचारत, आणि भाजीवाला खरं सांगे. निवृत्तीनंतर दावे यायचे थांबले, तेव्हा त्यांनी ही सगळी विद्या एका लेखकाच्या पायी वाहिली.

त्या लेखकाचं नाव ते घेत नसत. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत तसं 'ते' म्हणायचे आणि उजवा हात जरासा वर करायचे. 'त्यांनी' वनखात्यात नोकरी करता करता आमच्या खाडीतली, डोंगरातली पाखरं, जनावरं, किडे मराठीत लिहून ठेवले. खारफुटी म्हणजे कचरा टाकायची जागा असं सगळे समजत त्या काळात ती तोडू नका म्हणून ते एकटे भांडले. घरमालकांची आणि त्यांची भेट मात्र कधी झाली नाही. एकदा 'त्यांचं' ठाण्याला व्याख्यान होतं. हे पहिल्या रांगेत जाऊन बसले. मध्येच खिडकीबाहेर तांबट पक्षी ओरडायला लागला, म्हणून हे उठून तो बघायला गेले. परत आले तेव्हा व्याख्यान संपलेलं होतं आणि लेखक गाडीत बसून निघून गेलेले होते. "त्यांना आवडलं असतं," एवढंच ते यावर म्हणत.

'त्यांच्या' निधनानंतर घरमालकांनी दरवर्षी जयंती सुरू केली, आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. जयंती म्हटलं की आपल्याकडे जे जे होतं, त्यातलं तिथे काहीही होत नसे. दीपप्रज्वलन नाही, कारण ज्योतीवर किडे येऊन मरतात. तसबिरीला हार नाही, कारण फुलं झाडावर होती ती बरी होती. शाल नाही, श्रीफळ नाही, पाहुण्यांचा परिचय नाही. 'त्यांच्या' पुस्तकांतले उतारे लोकांनी मोठ्याने वाचायचे आणि नंतर बटाटेवडे खायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण वाचायला उभं राहिलं की टेबलामागून घरमालक विचारत, "पाहिलंय का?"

ज्याने ती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल त्यानेच ती वाचायची, असा नियम होता. नुसतं हो म्हणून भागत नसे. कुठे, केव्हा, ऊन होतं का, पक्षी कुठल्या फांदीवर होता, असं सगळं विचारून झालं की मग "वाचा." उत्तर कुठे अडखळलं तर टेबलावरची पितळी घंटी वाजे आणि माणूस खाली बसे. बॅंकेतले मोठे साहेब बसले, डॉक्टर बसले, मीसुद्धा बसले. सुगरण पक्ष्याचं घरटं मी पाहिलं होतं, पण तो ते विणताना पाहिला नव्हता, आणि उतारा विणण्याचा होता. "घरटं पाहिलंत म्हणजे कपडा पाहिलात, शिंपी नाही," ते म्हणाले. मग पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघं नवराबायको आंबिवलीच्या पलीकडे शेतांच्या कडेने छत्र्या घेऊन सुगरण शोधत हिंडलो. लोकांना वाटलं आम्ही प्लॉट बघतोय.

या नियमामुळे व्हायचं काय, की पुस्तकातला वाघ, गवा, धनेश, सगळे तसेच पडून राहत, आणि दरवर्षी कावळा, सरडा आणि मुंग्या वाचल्या जात. कावळ्याचं प्रकरण तर आम्हाला आरतीसारखं पाठ झालं होतं.

एका वर्षी ठाण्याचे एक नगरसेवक आले. टेंभी नाक्याच्या गर्दीपुढे माईक हातात धरायची सवय असलेला माणूस. ते म्हणाले, "मी वाघाचं वाचतो. आपल्या पर्सनॅलिटीला ते सूट होतं."

"पाहिलाय का?"

"म्हणजे काय काका. राणीच्या बागेत गेलेलो ना पोरांना घेऊन."

"पिंजऱ्यातला?"

"मग? बाहेरचा बघितला असता तर इथे आलो असतो का?"

सगळे हसले. घरमालकही हसले आणि हसता हसता त्यांनी घंटी वाजवली. नगरसेवकांनी शेवटी मुंग्या वाचल्या. आम्हाला वाटलं माणूस दुखावला. पण पुढच्या वर्षी ते न बोलावता हजर. "या टायमाला पाल आणलीय काका, विचारा काय विचारायचं ते." ऑफिसातल्या ट्यूबलाइटखालची पाल त्यांनी वर्षभर पाहिली होती. घरमालकांनी अर्धा तास उलटतपासणी घेतली आणि माणूस फर्स्ट क्लासमध्ये पास झाला. त्यानंतर त्यांनी एकही जयंती चुकवली नाही.

पण घरमालकांचा स्वतःचा जीव अडकला होता तो कोल्ह्यात.

'त्यांच्या' पुस्तकात कोल्ह्याचं एक प्रकरण आहे. खाडीकाठचा कोल्हा खेकड्याच्या बिळात आपली शेपूट सोडतो, खेकडा ती नांगीने पकडतो, मग कोल्हा उडी मारून शेपूट ओढतो आणि बाहेर आलेला खेकडा खातो. असं कोकणात पुष्कळ जण सांगतात, पण 'त्यांनी' ते स्वतः पाहिलं असं लिहिलंय. घरमालकांचं ते सगळ्यात आवडतं प्रकरण. आणि तेच जयंतीला आजवर एकदाही वाचलं गेलं नव्हतं, कारण ते पाहिलेलं कुणी नव्हतंच. घरमालकांनीही नव्हतं पाहिलेलं. नियम त्यांना स्वतःलाही होता.

त्यासाठी ते वर्षानुवर्षं मोठागावच्या खाडीवर जात. त्यांच्या घरात चहा घड्याळावर नाही, ओहोटीवर व्हायचा. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, बिळं दिसतात, आणि कोल्हा आला तर तेव्हाच येणार. भरतीला बिळं पाण्याखाली, तेव्हा घरमालक गादीवर. कोल्हे त्यांनी पुष्कळ पाहिले. प्रत्येकाची शेपूट त्याच्यामागे मोकळी.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिथे जाळं घेऊन बसलेला त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. घरमालकांनी त्याला पुन्हा एकदा कोल्ह्याचं विचारलं. "मी नाय बगला," तो म्हणाला. "माजे आज्यानं बगलेला."

"आजोबांना एकदा भेटायला हवं."

"तो कवाच गेला ना काका."

साक्षीदार गेल्याचं घरमालकांना मनापासून वाईट वाटलं.

मग त्यांनी घरी प्रयोग केला. मी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले तर दोरीखाली एक चांगला पंज्याएवढा खेकडा. माझी किंकाळी ऐकून शेजारून काकू आल्या, म्हणजे घरमालकांच्या पत्नी. काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. निसर्ग त्यांना आवडे, पण घराबाहेर. "घाबरू नकोस, बादलीतून पळालाय," त्या म्हणाल्या. मागून घरमालक आले, हातात दाढीचा ब्रश. रात्रभर बिळासारख्या नळीत खेकडा ठेवून ते त्याच्यापुढे ब्रश हलवत होते, आणि पहाटे खेकड्याने तो धरला होता. ब्रशचे अर्धे केस गेले होते. "अर्धं सिद्ध झालं," ते मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी तोवर पाहिला नव्हता.

"खेकड्याचं अर्धं झालं, कोल्ह्याचं राहिलं," काकू म्हणाल्या. "आता कोल्हा आणलात तर मी माहेरी जाईन."

काकू जयंतीला येत, पण शेवटच्या रांगेत बसत आणि वड्यांकडे लक्ष ठेवत. खाडीवर त्या कधी गेल्या नाहीत. वाऱ्याबरोबर वास आला तरी पदर नाकाला लावत. लेखकाला त्या 'तुमचे ते' म्हणत.

पुढच्या एका जयंतीला कॉलेजातले एक प्राध्यापक आले. चांगला, सभ्य माणूस. मुंगूस पाहिलेलं होतं, ते त्यांनी छान वाचलं, आणि मग चार शब्द बोलताना म्हणाले की 'ते' थोर होते, पण कोल्ह्याचं प्रकरण म्हणजे लोककथा आहे, तसं काही प्रत्यक्षात घडत नाही.

घरमालकांनी विचारलं, "घडत नाही हे आपण पाहिलंय का?"

प्राध्यापक म्हणाले, "जे घडतच नाही ते कसं पाहणार?"

घरमालकांनी घंटीकडे पाहिलं, पण वाजवली नाही. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी वडा घेतला नाही. ज्या माणसाच्या प्रत्येक शब्दावर आपण विश्वास टाकला, त्याने एक प्रकरण नुसतं रचलं असेल का, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला होता, आणि तो त्यांना झोपू देत नव्हता. त्यानंतर ते खाडीवर जास्त वेळ बसू लागले.

आणि मग डोळे गेले. सगळे नाही, मधलेच. डोळ्यांच्या पडद्यावर मध्यभागी काळा डाग आला आणि तो वाढत गेला. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसत राहील, समोरचं दिसणार नाही. मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जे बघायचंय तेवढं सोडून मला बाकी सगळं दिसतं." आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

आता पुस्तक त्यांना वाचता येईना. दुपारी काकू वाचून दाखवायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू येई. वर्गात उदाहरण घालावं तसा काकूंचा आवाज, मध्येच "कंसात" आणि "कंस पूर्ण" असंही म्हणायच्या. घरी एवढी कडक चौकशी नव्हती, सगळं चालत असे. पण कोल्ह्याचं प्रकरण आलं की घरमालक म्हणत, "ते राहू दे. पुढचं घे." प्राध्यापक येऊन गेल्यापासून, कुणीतरी पाहिल्याशिवाय ते आपण ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पानं उलटल्याचा आवाज येई आणि पुढचं प्रकरण सुरू होई.

एकदा जिन्यात काकूंनी मला थांबवलं. "त्यांना ते एकदा ऐकायचंय गं," त्या म्हणाल्या. "पाठ होतं सगळं, पण आता मधलं मधलं विसरायला लागलेत. परवा झोपेत विचारत होते, खेकडा आधी धरतो की कोल्हा आधी बसतो. माझ्याकडे मात्र मागणार नाहीत."

आम्ही चारपाच जणांनी मिळून त्यांना सांगून पाहिलं, एवढ्या एका प्रकरणापुरता नियम बाजूला ठेवू. ते म्हणाले, "माझ्यासाठी नियम मोडायचा, तर इतक्या लोकांना इतकी वर्षं मी खाली का बसवलं?" नगरसेवक म्हणाले, "काका, आपण एखाद्या ॲक्टरकडून रेकॉर्डिंग करून आणू, एकदम कडक आवाजात." यावर काय विचारलं गेलं असेल ते सांगायला नको.

मग गेल्या वर्षीची जयंती आली. घरमालक नेहमीच्या जागी, घंटी हाताशी. कावळा झाला, सरडा झाला, नगरसेवकांनी पाल नव्याने पेश केली. "आणखी कुणी?" घरमालकांनी विचारलं. ते दरवर्षी असं विचारत आणि नंतर वडे येत.

शेवटच्या रांगेतून काकू उठल्या. "मला वाचायचंय. कोल्ह्याचं."

हॉलमध्ये कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. घरमालकांनी इतरांना विचारत त्याच आवाजात विचारलं, "आपण पाहिलंय का?"

"पाहिलंय."

"कुठे?"

"मोठागावला. जेटीच्या अलीकडे ती तिवरांची वाकडी झाडं आहेत ना, तिथे."

"एकट्या कशाला गेला होतात?"

"अहो, तुमची छत्री राहिली होती. तुम्हाला आठवली नाही, मला आठवली."

लोक हसले. घरमालक हसले नाहीत. "कोल्हा नर होता की मादी?"

"इतक्या जवळ जायला मला काय वेड लागलंय?"

घरमालकांनी मान डोलावली. सगळंच माहीत असलेल्या दावेदारावर त्यांचा विश्वास नसे. "शेपूट बिळात होती तेव्हा तोंड कुठे होतं?"

"खाडीकडे. मध्येच त्याने एक जांभई दिली."

जांभई पुस्तकात नव्हती. काकू खरंच गेल्या असतील का, असं मला वाटायला लागलं. नगरसेवक पुढे सरकून बसले होते.

"खेकड्याने धरल्यावर?"

"ओरडला. कोणीही ओरडेल."

घरमालक थोडा वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिले. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "भरती होती की ओहोटी?"

"भरती," काकू म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं ज्या बाईने भरती-ओहोटी बघून चहा टाकला, ती ऐनवेळी चुकली. भरतीला बिळं पाण्याखाली असतात. त्या हॉलमध्ये येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला एवढं माहीत होतं. काकूंनी कोल्हा पाहिलेला नव्हता. त्या खाडीवर गेल्याच नव्हत्या. नवऱ्याने सोडून दिलेलं प्रकरण त्याला ऐकायला मिळावं म्हणून ही गणिताची बाई किती दिवस जांभया आणि छत्र्या जुळवत बसली असेल, ते आम्हाला एका शब्दात कळलं.

"गेल्या काकू," नगरसेवक माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाले.

घरमालकांचा हात घंटीवर गेला. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांना समोरचं दिसत नसे, कडेचं दिसे. बायकोकडे बघायचं तर त्यांना तिच्याकडून तोंड फिरवावं लागत होतं. तसे ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. काकू पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या, फळ्यावर उत्तर चुकलेल्या मुलीसारख्या.

मग घरमालकांनी घंटी उचलली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वाचा."

त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. कुणी हूं की चूं केलं नाही. ज्यांना त्यांनी खाली बसवलं होतं ते सगळे तिथे होते, आणि माझ्या शेजारी बॅंकेतले साहेब चष्मा पुसत होते. काकूंनी वाचायला सुरुवात केली. वाचलं तसं वाईटच. अक्षर न अक्षर स्पष्ट, सगळीकडे सारखा जोर, कोल्हा आणि खेकडा दोघे जणू भूमितीतल्या रेषा. घरमालक डोळे मिटून ऐकत होते. ओठ हलत होते, आणि एका जागी हलायचे थांबले. तिथलं ते विसरलेले असावेत. काकूंनी ते वाक्य वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली.

परत जाताना ते दोघं आमच्या पुढे चालत होते. घरमालकांचा हात काकूंच्या खांद्यावर. आम्ही मुद्दाम मागे राहिलो होतो, पण गल्ली शांत होती, त्यामुळे ऐकू येत होतं. बिल्डिंगच्या फाटकाशी काकूंनी कडी काढली तेव्हा घरमालक म्हणाले, "घाई केलीस. खेकडा शेपूट धरतो ना, तिथे जरा थांबायचं."

"बरं," काकू म्हणाल्या.

"उद्या दुपारी पुन्हा वाच."